पवनारचा पाषाण

वर्ध्याहून नागपूरच्या वाटेनें निघालें, कीं अडीच कोसांवर धाम नदीच्या कांठीं पवनार लागतें. गेल्या माघांत नातवास घेऊन आम्ही तेथील आश्रमांत गेलों होतों. विनोबाजी १९३८ सालीं येथें राहावयास आले; पुढें जमीन खणतांना वाकाटककालीन शिल्पें निघालीं. त्यांतील एकांत विनोबांस राम-भरतांची भेट दिसली. या भेटीचें चित्र कोणी काढावें, अशी इच्छा त्यांनीं १९३२ सालींच धुळ्याच्या तुरुंगांत गीतेवर बोलतांना दर्शविली होती! महामहोपाध्याय मिराशी यांनींही या शिल्पांत रामकथाच वाचली. नंतरच्या कांहीं अभ्यासकांस मात्र त्यांतच कृष्णचरित्र दिसलें.

आम्हीं हात जोडले. नातू म्हणाला, “आजोबा, हा रामच कशावरून? नांव तर कोठें कोरलेलें नाहीं.”

आम्ही रागावणारच होतों. पण रोमची हकीकत आठवली. १५०६ सालीं तेथील द्राक्षमळ्यांत सर्पांनीं वेढलेल्या पितापुत्रांची ग्रीक कारागिरांनीं घडविलेली मूर्ति निघाली. प्लिनीचा ग्रंथ वाचलेल्यांनीं हा ट्रॉयचा पुरोहित लाओकोऑन, असें तत्काळ ओळखलें. तुटलेला उजवा हात मात्र पुढें वर ताठ उभारलेला असा बसविला गेला. मूळचा हात १९०६ सालीं सांपडला, तो कोपरांत दुमडलेला! शतकानुशतकें रसिकांनीं वाखाणलेला तो आवेश मूर्तिकाराचा नव्हताच.

रघुवंश शिकविण्यांत ज्यांची हयात गेली, त्या आम्हांस दगडांत राम दिसला. यांत दगडाचें किती व रघुवंशाचें किती? परततांना नातवास एवढेंच म्हणालों, “बाळ, आम्हांस तो रामच वाटतो. तूं मोठेपणीं पुनः येऊन पाहा.”