सह्या होत्या, पैसेही दिले होते

न्यूझीलंडच्या जमिनींविषयी माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं. उत्तर बेटावर 1860 च्या दशकात सरकारने युद्ध करून वायकाटो आणि तारानाकीतल्या माओरींच्या जमिनी जप्त केल्या, तो उघड अन्याय. दक्षिण बेटावर मात्र रीतसर खरेदी झाली. प्रमुखांनी सह्या केल्या, पैसे घेतले. भाव कमी मिळाला असेल, पण व्यवहार तो व्यवहार. क्राइस्टचर्चला स्थायिक झाल्यावरही मी हेच म्हणत असे. न्गाई ताहू या इथल्या माओरी जमातीची तक्रार मला मोबदल्याची वाटायची.

आज मला ती खरेदी जप्तीहून सौम्य वाटत नाही. मत बदललं ते न्गाई ताहूंच्या तक्रारीवरचा वायतांगी लवादाचा 1991 चा अहवाल वाचताना.

12 जून 1848 रोजी आकारोआ इथे झालेलं खरेदीखत हेन्री केम्प या सरकारी अधिकाऱ्याच्या नावाने ओळखलं जातं. सुमारे 2 कोटी एकर, किंमत 2,000 पौंड. काही वर्षांतच कँटरबरी असोसिएशन याच पट्ट्यातली जमीन इंग्रज वसाहतकऱ्यांना एकरी 3 पौंडांनी विकत होती. नफ्याचा हा आकडा डोळे दिपवतो, पण तेवढ्यावर माझं मत हललं नसतं; स्वस्तात घेऊन महाग विकणं जगभर चालतं. मला अस्वस्थ केलं ते वेगळ्याच गोष्टीने. 1840 च्या वायतांगी तहानुसार माओरींना जमीन विकायची तर ती सरकारलाच विकावी लागे. दुसरं गिऱ्हाईकच नाही. त्यात 1847 मध्ये सरकारने न्गाई ताहूंच्या मुलखाचा उत्तरेकडचा भाग त्यांच्या जुन्या वैऱ्यांकडून, न्गाती तोआंकडून, विकत घेऊन टाकला होता. आपण नाही म्हटलं तर आपल्याच जमिनीचे पैसे दुसऱ्याच्या हाती पडतील, ही धास्ती ज्याच्या मानेवर बसलेली आहे, त्याच्या सहीला राजीखुशीची सही कसं म्हणायचं?

आणि सही केली ती कशावर? खरेदीखत माओरी भाषेत होतं. वस्त्या आणि अन्न मिळवण्याच्या जागा आमच्यासाठी आणि आमच्या मुलाबाळांसाठी राखून ठेवाव्यात, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. न्गाई ताहूंचं पोट एका शेतावर भरत नव्हतं. ऋतू बदलेल तसं माणसं दलदलीत ईल माशांसाठी, माळावर वेका पक्ष्यांसाठी, बेटांवर समुद्रपक्ष्यांसाठी फिरत. हा सगळा मुलूखच त्यांचं कोठार होतं. 1868 मध्ये जमीन न्यायालयाचे न्यायाधीश फेंटन यांनी मात्र ‘अन्नाच्या जागा’ म्हणजे लागवडीचे तुकडे आणि ईल पकडायचे पक्के बांध एवढंच धरलं. वेकाची शिकार त्यात बसली नाही.

राखीव जमीन आखायला आलेल्या वॉल्टर मँटेलने सगळे मिळून 6,359 एकर सोडले, माणशी साधारण 10 एकर. शेजारी गोऱ्या मेंढपाळांचे हजारो एकरांचे पट्टे. कुंपणं पडली, दलदली उपसून कोरड्या केल्या, ईल मिळेनासे झाले. मोएराकीचे मातियाहा तिरामोरेहू यांनी 1849 मध्येच सरकारला पत्र लिहून या तुटपुंज्या जमिनीची तक्रार केली होती. खुद्द मँटेलही पुढे बदलला. त्याने तोंडी कबूल केलेल्या शाळा आणि रुग्णालयं झाली नाहीत. लंडनच्या वसाहत खात्याने त्याचं म्हणणं ऐकून घेतलं नाही, तेव्हा 1856 मध्ये त्याने राजीनामा दिला. या माणसाविषयी मला राग येतो आणि आदरही वाटतो.

1844 ते 1864 या काळात न्गाई ताहूंकडून केलेल्या सगळ्या खरेद्यांची बेरीज 3 कोटी 45 लाख एकर आणि 14,750 पौंड होते. जप्तीत गेलेली जमीन याच्या जवळपासही जात नाही.

1998 मध्ये सरकारने माफी मागितली, 17 कोटी डॉलर दिले आणि ‘ते वायहोरा’ सरोवराचा तळ न्गाई ताहूंच्या नावे केला. विषय मिटला, असं मला त्या वेळी वाटलं होतं. पण एके काळी ईलने भरलेल्या त्या सरोवरात आज आसपासच्या शेतांतलं खत उतरतं. 2020 मध्ये न्गाई ताहूंनी गोड्या पाण्यावरच्या अधिकारासाठी उच्च न्यायालयात दावा लावला आहे. ‘पैसे घेतलेत, आता पुरे’ असं मी पूर्वी म्हटलं असतं. आता त्या दाव्यात मी त्यांच्या बाजूचा आहे, कारण अन्नाच्या जागा त्यांनी विकल्या नव्हत्या, राखल्या होत्या, आणि या मुलखात अन्न पाण्यातून येत होतं.