कंपनीने न मानलेला वकील

ठाण्याच्या जांभळी नाक्याच्या चौकाला साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी यांचं नाव आहे, हे तिथे रोज भाजी घेणाऱ्यांनाही फारसं ठाऊक नसतं. ज्यांना ठाऊक असतं त्यांनी एकच गोष्ट ऐकलेली असते: १८५७ च्या जुलैत ते ठाण्यात नातलगांकडे आले, इंग्रज मागावर होते, आणि इथून निसटले ते कायमचेच. वेशांतराच्या कथा तर घरोघरी वेगळ्या. कंपनी सरकारच्या दप्तरात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला या निसटण्यापेक्षा त्यांच्या लंडनमधल्या वर्षांचं कुतूहल जास्त.

साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराजांना कंपनीनेच बसवलं होतं. १८१९ चा तह त्याची साक्ष आहे. पुढे जहागिऱ्यांवरच्या हक्कावरून मुंबई सरकारशी बिनसलं आणि आरोपांची रास उभी राहिली: गोव्याच्या पोर्तुगीजांशी खलबतं, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान, पलटणीतल्या देशी अंमलदारांना फितवणं. गव्हर्नर कार्नाकने माफी देऊ केली; अट एवढीच, की कबुलीच्या कागदावर सही करा. महाराजांनी साफ नकार दिला. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून पुढे काशीला धाडलं, आणि धाकटे बंधू शहाजी गादीवर आले. महाराजांविरुद्ध इंग्रजांना साथ देणाऱ्या बाळाजीपंत नातूंचं नाव या प्रकरणापायी आजही दातओठ खाऊन घेतलं जातं.

दाद मागायला लंडनला गेलेले इतर वकील परतले. रंगो बापूजी गुप्ते मात्र १८५३ पर्यंत तिथेच ठाण मांडून बसले. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या इंडिया हाउसने, म्हणजे कंपनीच्या मुख्य कचेरीने, त्यांना वकील म्हणून मानलंच नाही. अर्ज द्यायचा तर मुंबई सरकारमार्फत द्या, म्हणे. म्हणजे ज्याच्याविरुद्ध फिर्याद, त्याच्याच हाती कागद! यावर त्यांनी काढलेली वाट मला फार आवडते. कंपनी शेवटी कंपनीच होती. तिला भागधारक होते, त्यांच्या सभा होत, आणि सभेत वाद घालता येई. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन, जॉन सलिव्हन अशी माणसं साताऱ्याच्या बाजूने उभी राहिली आणि विषय वर्षानुवर्षं धगधगत राहिला. महाबळेश्वरला ज्याच्या नावाच्या पॉइंटवर आपण फोटो काढतो, तो लॉडविक साताऱ्याचा माजी रेसिडेंट. तोही महाराजांच्या बाजूने बोलला.

बाकी लढाई छापील कागदावर. त्या काळच्या पुस्तिकांवर नाव 'रंगो बापोजी' असं इंग्रजी वळणाने येतं. आतला मजकूर थंड डोक्याचा आहे: तहाचं कलम दाखवायचं, साक्षीतली विसंगती दाखवायची, आणि पुन्हा तीच मागणी, आरोपांची खुली चौकशी करा, महाराजांना उत्तर देऊ द्या. १८४७ मध्ये महाराज काशीलाच वारले. पुढच्या वर्षी शहाजीही गेले आणि गव्हर्नर जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्यच खालसा केलं. अशील नाही, गादी नाही, डोक्यावर कर्ज. तरी गृहस्थ पाच वर्षं अर्ज करतच राहिले.

पैसे देऊन उभी केलेली वकिली, असा टोमणा विरोधक मारत. पैसे खर्च झालेच. लंडनमध्ये छापखाना फुकट चालत नव्हता. दुसरा वाद आपल्याकडचा. सावरकरांनी लंडनमध्ये रंगो बापूजींची आणि नानासाहेब पेशव्यांच्या अजीमुल्ला खानाची भेट रंगवली आहे, आणि तेव्हापासून सत्तावनच्या उठावाचा आराखडा तिथेच ठरल्याचं धरून चालतात. ते दोघे भेटले असतील. पण त्या एका भेटीवर एवढा मोठा इमला चढवायला माझं मन धजत नाही. शिवाय त्यामुळे लंडनचं सगळं काम केवळ पूर्वतयारी ठरतं, आणि ते मला मुळीच पटत नाही.

साताऱ्याला परतल्यावर मात्र ते इंग्रजांविरुद्धच्या कटात होते, यात शंका घेण्याचं कारण नाही. त्या कटापायी ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता.

प्रबोधनकार ठाकऱ्यांचं 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' वाचनालयात मिळालं तर जरूर काढा. सूर तापलेला आहे, नातूंवर तर कोरडेच ओढले आहेत. पण १८५७ ची पानं आधी उघडू नका. लंडनपासून सुरुवात करा.