चहा... पण घड्याळ बघून!

जगात दोनच प्रकारची माणसं असतात. एक, ज्यांना चहा लागतो. आणि दुसरी, जी अजून होस्टेलला राहिलेली नाहीत!

मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे चहा म्हणजे 'टी'. तो ट्रेमधून यायचा, सोबत दोन बिस्किटं. नागपूरला आल्यावर कळलं की इथे चहा पीत नाहीत, 'मारतात'! "चाल ना बे, चाय मारून येऊ," एवढं कोणी म्हणायचा अवकाश, की रूममधल्या चौघी चपला शोधायला लागतात. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला तरी! गेटसमोरच्या टपरीवर सीनियर-ज्युनियर, मेकॅनिकल-सिव्हिल असले भेद नसतात. दोनात तीन करायचे आणि व्हायव्हाचं टेन्शनही तिघांत वाटून घ्यायचं. माझं निम्मं मराठी तिथेच पक्कं झालं. आणि २०२४ मध्ये आपल्या नागपूरच्या डॉली चायवाल्याने बिल गेट्सना चहा पाजला, तेव्हा तर आमची कॉलर आणखीच ताठ झाली.

चहाचे गुण खरेच आहेत. त्यातलं कॅफीन झोप उडवतं, तर एल-थिअनिन नावाचं द्रव्य मन शांत ठेवायला मदत करतं. शिवाय पॉलिफेनॉल्स ही अँटिऑक्सिडंट्सही त्यात असतात.

माझे आजोबा चहा बशीत ओतून 'फुर्रर्र' करून पितात. आमच्या शाळेच्या मॅनर्समध्ये हे बसलं नसतं, पण हीट ट्रान्सफरमध्ये मात्र फिट्ट बसतं. पृष्ठभाग वाढला की चहा लवकर निवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ६५ अंशांपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेला बहुधा घातक असल्याचं म्हटलं. आजोबांना हे कोणी सांगितलं नव्हतं!

आता खरी गोष्ट. मागच्या वर्षी रक्तदान शिबिरात माझी रूममेट सगळ्यांच्या आधी रांगेत उभी होती. रक्त द्यायला हिमोग्लोबिन किमान १२.५ लागतं, तिचं निघालं १०.८. बिचारी रडवेली होऊन परत आली. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि विचारलं, "जेवणानंतर चहा घेतेस का?" घेतेस का?! मेसचं ताट ठेवून आम्ही सरळ टपरीच गाठायचो!

डाळ-पालकातलं लोह चहातल्या टॅनिनला चिकटतं आणि शरीरात नीट शोषलं जात नाही. सगळा दोष चहाचा नाही हो, मेसच्या पातळ भाजीचाही आहेच. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला. म्हणजे ही एकट्या आमच्या रूमची गोष्ट नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत सांगितलंय की जेवणाच्या एक तास आधी आणि एक तास नंतर चहा-कॉफी नको. दिवसाचं कॅफीन ३०० मिलिग्रॅमच्या आत हवं, आणि एका कपात ३० ते ६५ असतं. सबमिशनवाल्यांनो, आता हिशोब करा! कॅफीनची हाफ-लाइफ साधारण ५ तास असते. रात्री ११ चा चहा पहाटे ४ वाजताही निम्मा अंगात असतो.

म्हणून आमच्या रूमचा नवा टाइमटेबल असा: चहा सकाळी आणि संध्याकाळी पाचला. जेवणानंतर संत्रं, कारण त्यातलं व्हिटॅमिन सी लोह शोषायला मदत करतं. संत्रानगरीत राहून एवढं तर जमायलाच पाहिजे ना! संत्र्याचा सीझन नसला की भाजीवर लिंबू पिळायचं.

टपरी सुटली का? छे! फक्त वेळ बदलली. मैत्रिणीचं हिमोग्लोबिन आता ११.९ झालंय, म्हणजे अजून ०.६ बाकी! पुढच्या शिबिरात तिला रांगेत पुन्हा पहिला नंबर लावायचाय.

तुमचं किती आहे, कधी तपासलंय का?