हरिपाठ आणि वायफाय

२०२० साली पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एसटीने पंढरपुरास गेल्या. तेव्हापासून माझा जुना मृदंगाचा साथीदार आमच्या मुलुंडच्या हरिपाठात फोनवरून बसतो. आता तो अंथरुणाला खिळला आहे. आणि संध्याकाळी नेमके त्याच वेळी वायफाय अडखळे.

नातीने आधी संगणक वायरीने राउटरला जोडला. तो सुरळीत चालला. म्हणजे बाहेरून येणारी लाइन ठीक, खोट घरातल्या हवेत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाटा तीनच, १, ६ आणि ११. इमारतीतली सगळी बिऱ्हाडे त्यांवरच दाटलेली. अरुंद गल्लीत दिंड्या चिकटल्या की कोणाचा अभंग कोणाला कळत नाही, तसेच हे. शिवाय स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह त्याच पट्ट्यात गुरगुरतो.

५ गिगाहर्ट्झला वाटा पुष्कळ, पण भिंतीपुढे ती लहर लवकर थकते. म्हणून राउटर लोखंडी कपाटामागून काढून देवघराशेजारच्या फळीवर ठेवला आणि फोन त्या पट्ट्यावर जोडला. देवाजवळ यंत्र कशाला, असे घरात कोणी म्हणाले. ज्यातून नाम जाते ते मला तरी परके वाटत नाही.

परवा शेवटच्या अभंगापर्यंत चित्र थांबले नाही. पांघरुणावर त्याची बोटे ठेका धरून होती. आवाज जाऊन येईतो अर्धी मात्रा मागे पडते, तेवढे मात्र राहिले.