सावलीतली सांदवाडी

धानाचे चुरणे आटोपत आले, की साकोली तालुक्यातल्या आमच्या एकोडीत घरोघरी सांदवाडीची, म्हणजे परसबागेची, आठवण होते. माझी वाडी लहान, घराच्या उत्तरेला, त्यात कडुनिंब. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो आणि घराची सावली वाडीवर लांब पसरते.

म्हणून मी आधी उन्हाचा फेरा बघतो, मग बी टाकतो. वांगी, टमाटर, मिरची यांना रोज सहा तास तरी ऊन हवे. नाहीतर झाड नुसते उंच होते, फळ कमी धरते. त्यांना पूर्वेची मोकळी कड दिली. पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) तीन-चार तासांच्या उन्हावरही पाने देतात. न्हाणीचे पाणी मुरते तिथे पावसाळ्यापासून कोचई (अळू) उभी आहे. वालाचा वेल मांडवावर चढवला. त्याला वर ऊन सापडते. कडुनिंबाच्या मुळ्या ओल ओढून घेतात, म्हणून बुंध्यालगत काही लावत नाही.

धानाने वर्षाचे पोट भरते, पण ताटातली भाजी ही वाडी देते. सावली आहे म्हणून जमीन पडीक ठेवणे मला पटत नाही. प्रत्येक कोपऱ्याला साजेसे पीक असतेच. ते ओळखणे हीच खरी मशागत.