राखीव

आमच्या वसतिगृहातील मुले रविवारी दुपारी अंतराळयुद्धाचा एक पटखेळ खेळतात. एका माजी विद्यार्थ्याने तो भेट दिला आहे. त्यातील मोठ्या वाहक यानाच्या पोटात काही राखीव लढाऊ याने असतात. एखादे यान नष्ट झाले तरी राखीव यान त्याच क्षणी उडवता येत नाही. ते जोडायचे, त्यात इंधन आणि शस्त्रे भरायची. यात डाव खर्च होतात आणि हाताशी कर्मचारी मोजकेच असतात.

खेळ पाहत बसलेल्या आठवीतील एका मुलाने मला विचारले, "सर, राखीव म्हणजे कमी दर्जाचं ना?" हा प्रश्न पटावरून आलेला नव्हता. तो शब्द त्याने बाहेर कुठेतरी टोमणा म्हणून ऐकला होता.

मी इतिहासाचा शिक्षक. उत्तर इतिहासातूनच दिले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन विमानवाहू जहाजांवर राखीव विमाने हँगरच्या छताला टांगून ठेवीत. जपानी जहाजांवर ती सुटी करून ठेवलेली असत. बनावट तीच, इंजिनही तेच. मे १९४२ मधील कोरल समुद्राच्या लढाईत जपानचे 'झुइकाकू' जहाज शाबूत राहिले, पण विमाने आणि वैमानिक इतके गमावले, की पुढच्या महिन्यात ते मिडवेला जाऊ शकले नाही. त्याच लढाईत बॉम्ब लागलेले अमेरिकेचे 'यॉर्कटाउन' मात्र पर्ल हार्बरच्या कामगारांनी सुमारे तीन दिवसांत उभे केले. त्यावर 'साराटोगा' या दुसऱ्या जहाजाच्या तुकड्या चढवल्या. ४ जून रोजी 'सोर्यू' या जपानी जहाजावर अचूक बॉम्ब टाकले ते त्यांतल्याच एका तुकडीने.

युद्धाचा गौरव करावा म्हणून हे सांगितले नाही. तेराव्या शिलालेखातील कलिंगाचा पश्चात्ताप मी दरवर्षी तितक्याच आस्थेने शिकवतो. सांगायचे होते ते एवढेच, की राखीव हे दर्जाचे नाव नव्हे. ज्याच्यामागे तयारी करणारे हात उभे राहतात, ते राखीव वेळेला उपयोगी पडते. हात नसतील तर ते नुसते टांगलेले राहते.

बाबासाहेबांनी हे पुरते जाणले होते. ते मजूर सदस्य असताना १९४३ मध्ये केंद्रीय नोकऱ्यांत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखीव झाल्या. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी आणि १९४६ मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. जागा कायद्याने मिळते. त्या जागेवर बसणारा माणूस मात्र घडवावा लागतो. "योग्य उमेदवार मिळाला नाही" असा शेरा मारून आपल्या जागा रिकाम्या ठेवल्या जातात, तेव्हा त्या शेऱ्याला निषेधाबरोबरच तयार उमेदवारांनीही उत्तर द्यावे लागते.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना विनंती आहे. देणगी द्याच, पण महिन्यातला एक रविवारही द्या. कुणी गणित घ्यावे, कुणी इंग्रजी, कुणी मुलाखतीची भीती घालवावी. तुमच्यासाठीही कुणीतरी असेच राबले होते.

जय भीम, नमो बुद्धाय.