३० मिलिमीटरचा हिशोब

छोटी गाडी जमिनीलगत बसलेली जास्त देखणी दिसते, हे आधीच मान्य करून टाकू. चाक आणि मडगार्ड यांच्यामधली ती चार बोटांची पोकळी दिसली की गाडीने आखूड पँट घातल्यासारखं वाटतं. जपानी लोकांकडे तर खाली बसवलेल्या गाडीसाठी खास शब्द आहे, 'शाकोतान'. अर्थात तिथले रस्ते गुळगुळीत, आणि तरीसुद्धा गाडीची तपासणी पास व्हायची तर पोटाखाली ९ सेंटिमीटर जागा लागतेच.

हा विषय निघाला तो माझ्या मावसभावामुळे. त्याच्याकडे २००९ सालची स्विफ्ट आहे. "दादा, पुढे-मागे दोन-दोन वेटोळी कापायची आणि सतरा इंची मॅग व्हील टाकायची. दोन तासांचं काम आहे!" आता, ही घरातली एकुलती एक गाडी. काकांचं मणक्याचं ऑपरेशन झालंय आणि याच गाडीच्या मागच्या सीटवर बसून ते फिजिओथेरपीला जातात. पण 'करू नकोस' हे आजवर कुणी कुणाचं ऐकलंय? म्हणून म्हटलं, कागद-पेन घे आणि बस.

पहिला आकडा ग्राउंड क्लिअरन्सचा. २००५ साली आपल्याकडे आलेल्या या स्विफ्टला तो १७० मिमी आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गोलसर स्पीडब्रेकर १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा, म्हणजे ताशी २५ किमी वेगाने तो आरामात पार होतो. (आपल्या सोसायट्यांबाहेर रात्रीतून उगवणारे डांबराचे उंटवटे हे वाचून पोट धरून हसतील.) गाडी ६० मिमी खाली घेतली तर उरतात ११०, आणि त्यात चार माणसं बसल्यावर ती अजून खाली जाणार ते वेगळंच.

पण ही झाली डोळ्यांना दिसणारी बाजू. खरी गंमत ट्रॅव्हलची आहे. खड्डा आला की चाक वर जातं; ते बंप स्टॉप नावाच्या रबराला टेकेपर्यंत जेवढं वर जाऊ शकतं, तेवढंच तुमचं भांडवल. शॉकअप तेच ठेवून गाडी खाली घेतली की प्रत्येक मिलिमीटर या भांडवलातून वजा होतो.

समजा, भांडवल ८० मिमी आहे. गाडी ३० मिमीने खाली घेतली, उरले ५०. स्प्रिंग किती धक्का पोटात घेते ते दबण्याच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणजे अर्धा गुणिले कडकपणा गुणिले अंतराचा वर्ग (अकरावीचं फिजिक्स आठवा). तोच धक्का ८० ऐवजी ५० मिमीमध्ये जिरवायचा तर स्प्रिंग ८०/५० चा वर्ग, म्हणजे सुमारे अडीच पट कडक हवी. ५० मिमीने खाली घेतली तर उरतात ३०, आणि स्प्रिंग हवी सात पट कडक! एवढी कडक स्प्रिंग कुणी विकत नाही, आणि विकली तरी त्या गाडीत कुणी बसणार नाही. मग होतं काय, की उरलेला धक्का बंप स्टॉप खातो. तिथून बॉडी, तिथून सीट, आणि शेवटी मणका.

"पण कापली की स्प्रिंग आपोआप कडक होते ना?" भावाने बरोबर ठिकाणी बोट ठेवलं. होते. काम करणारी सहा वेटोळी असतील आणि एक कापलं, तर कडकपणा ६/५ पट, म्हणजे २० टक्क्यांनी वाढतो. दोन कापली तर दीड पट. हवी होती कितीतरी जास्त, मिळाली दीड. शिवाय कापलेलं टोक बैठकीवर नीट बसत नाही आणि जॅकवर गाडी उचलली किंवा चाक खड्ड्यात लोंबकळलं की आखूड स्प्रिंग सैल होऊन जागेवरून सरकू शकते. गॅसच्या ज्योतीने तापवून बसवणं तर त्याहून वाईट, कारण स्टीलचं पाणीच उतरतं. कापण्यापेक्षा त्या गाडीसाठी बनवलेल्या लोअरिंग स्प्रिंगा आणि त्यांना जुळणारे शॉकअप कधीही बरे. पण ट्रॅव्हलचा हिशोब त्यांनाही चुकत नाही.

आणखी एक. गाडी खाली आली म्हणजे वळणावर कमी झुकणार, असं सगळे धरून चालतात. पुढच्या मॅकफर्सन स्ट्रटमध्ये गाडी खाली घेतली की लोअर आर्मचा कोन बदलतो आणि रोल सेंटर बहुधा गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली जातं. मग स्प्रिंगचा वाढलेला कडकपणा ते भरून काढण्यातच खर्ची पडतो. टो आणि कँबरही हलतात, म्हणजे अलाइनमेंट आलंच.

इतकं ऐकूनही तो म्हणाला, "हे सगळं कागदावर." म्हटलं ठीक आहे, मोजू. मागच्या शॉकअपचं धुळीचं कव्हर वर सरकवलं, दांड्याला एक केबल टाय बांधला आणि खाली ढकलून ठेवला. चाक वर जातं तसा टाय दांड्यावर सरकत जातो आणि तिथेच राहतो. रेसिंगवाल्यांची जुनी युक्ती आहे. मग आम्ही चौघं बसलो, काकांच्या नेहमीच्या रस्त्याने नेहमीच्या वेगात फिजिओथेरपीवाल्याकडे जाऊन आलो. टाय बंप स्टॉपपासून जेमतेम बोटभर अंतरावर होता! म्हणजे कंपनीच्या उंचीवरच, भरलेल्या गाडीत, जवळजवळ सगळं भांडवल खर्च होत होतं. यातून तीस मिमी काढणार कुठून? भाऊ दोन मिनिटं काही बोलला नाही. मग म्हणाला, "बरं. चाकांचं सांग."

चाकांकडे मात्र खरंच वाव होता. मूळ टायर १६५/८० आर १४, व्यास सुमारे ६२० मिमी. १८५/६५ आर १५ चा व्यास ६२१.५, म्हणजे स्पीडोमीटरला पत्ताही लागत नाही. २०११ च्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलला कंपनीनेच ही साईझ दिली होती. त्याला हव्या असलेल्या २०५/४५ आर १७ चा व्यासही जवळपास तोच, ६१६. पण टायरची भिंत १३२ वरून ९२ मिमीवर येते. रबराचा ४० मिमी गादा गेला, तर खड्डा थेट रिमला भेटतो. पंधरा इंचीत ती १२० राहते.

आणि गाडी 'बसलेली' दिसते ती निम्मी चाक बाहेर आल्यामुळे. रिम एक इंच रुंद घेतली आणि ऑफसेट तोच ठेवला, तर दोन्ही बाजूंना १२.७ मिमी वाढतात. ऑफसेट ४५ चा ४० केला की बाहेर १७.७, आत फक्त ७.७. यापुढे गेलात तर भरल्या गाडीत मडगार्ड टायर सोलणार. बोल्टचं माप ४ x १०० आणि मधलं भोक ५४.१ मिमी. बाजारातल्या रिमचं भोक बरेचदा मोठं असतं, तेव्हा हब रिंग मागून घ्या, नाहीतर स्टिअरिंग थरथरतं आणि बिचारा बॅलन्सिंगवाला शिव्या खातो.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही हेच बजावलं. तेव्हा काहीही बदलण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

आम्ही पंधरा इंची रिम, नवे टायर आणि मूळ उंचीचे नवे शॉकअप टाकले. गाडी तितकी खाली नाही, भाऊ तितका खूष नाही, पण चारचौघांत फोटो दाखवण्याइतका आहे.

असो. तुमच्याही डोक्यात स्प्रिंगा असतील तर आधी एक केबल टाय बांधा. गाडीत एकटे बसू नका, नेहमी जी माणसं बसतात ती सगळी बसवा, आणि रोजच्या रस्त्याने फिरून या. मग बघा, किती मिलिमीटर खरंच तुमचे आहेत.